वाडी दोन तासांत होत नाय हो! हॉटेल, होमस्टे, दुकान आणि रिक्षावाल्या मंडळींना खुलं पत्र

सावंतवाडीत हॉटेल चालवणारे, होमस्टेवाले, लाकडी खेळण्यांचे दुकानदार, रिक्षावाले, टुरिस्ट गाडीवाले, समस्त मंडळींनो,

नमस्कार. लांबण लावत नाही, थेट मुद्द्यावर येतो. बाहेरगावचा माणूस आपल्याला विचारतो की वाडीत बघण्यासारखं काय आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण श्वास न घेता सांगून टाकतात, राजवाडा, मोती तलाव, चितारआळी, दोन तासांत होतं सगळं, मग आंबोली करा नाहीतर वेंगुर्ल्याला समुद्रावर जावा. परवा स्टेशनवरून येताना शेअर रिक्षात माझ्यासमोरच हे झालं, एक जोडपं होतं, दोन रात्री राहायच्या तयारीने आलेलं, आणि आपल्या रिक्षावाल्या भावाने गावात पोचायच्या आधीच त्यांना गोव्याला सोडायचा रेट सांगितला. अहो ते राहायला आलेत! गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने दुकानात चढलंय आणि आपण त्याला शेजारच्या दुकानाचा पत्ता देतोय.

तर हे "दोन तास" वालं उत्तर आता बंद करूया, एवढंच सांगायला हे पत्र.

जुनी सवय आहे हे मला मान्य. मुंबई-गोवा हायवे गावातून जायचा तेव्हा गोव्याची गाडी तलावाकाठी थांबायचीच, चहा, वडा, एक फोटो, पोरासाठी एखादा भोवरा, की पुढे. थांबणाऱ्याकडे वेळच तेवढा होता, त्यामुळे दोन तास म्हणणं तेव्हा ठीक होतं. पण झाराप ते पत्रादेवी बायपास झाल्यापासून ती गाडी बाहेरच्या बाहेर जाते, गावात शिरतच नाही. धंदा बसला म्हणून आपण बोंब मारली आणि ती खोटी नव्हती. पण याची दुसरी बाजू कोणी बघत नाही, ती अशी की आता जो गावात येतो तो मुद्दाम वळून येतो. त्याने गोवा सोडून इकडे स्टिअरिंग फिरवलंय, कुठेतरी काहीतरी वाचलंय, ऐकलंय. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, मोपा तर गोव्याचं असूनही आपल्यालाच जवळ, कोकण रेल्वे आहेच, यायला आता काही अडचण नाही. जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, म्हणजे हे सगळं आपल्याला नवीन पण नाही. तरी उत्तर मात्र हायवेच्या काळातलंच.

राजवाड्यापासून सुरू करू. तिसऱ्या खेम सावंतांच्या राजवटीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला, जांभ्या दगडाचा वाडा, लेस्टर गेट १८९५ चा, समोरचा तलाव १८७४ चा, एवढी माहिती कोणालाही मोबाइलवर मिळते, ती सांगायला आपली गरज नाही. माणूस गेटवर फोटो काढतो, दरबार हॉलमधून चक्कर मारतो आणि बाहेर. आणि त्याच वाड्यात गंजिफा रंगवत बसलेले कलाकार असतात त्यांच्या पाठीमागून तो निघून जातो, कारण हे काय चाललंय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

काय चाललंय ते असं. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. तीन जणांचा खेळ. गंमत म्हणजे पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, उरलेल्या पाचांत बरोब्बर उलटं, त्यामुळे कुठल्या अवतारात काय मोठं आणि कुठली पानं पडून गेली हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं, चिठ्ठी वगैरे भानगड नाही. आणि सुरुवात कोणी करायची, तर दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. सांगा बरं, हे ऐकल्यावर कुठला पाहुणा खुर्ची ओढून बसणार नाही? पण आपल्यालाच खेळता येत नाही ही खरी पंचाईत. गंजिफा आपल्यासाठी फ्रेममध्ये लावायची वस्तू झालीय.

आणि ती फ्रेममध्ये तरी उरली कशी, तेही सांगत जा लोकांना. गेल्या शतकात ही कला जवळजवळ गेलेलीच होती, म्हातारे पुंडलिक चितारी सोडले तर करणारं फारसं कोणी शिल्लक नव्हतं. आपले राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून हे काम शिकून घेतलं, राणीसाहेब तर स्वतः हातात कुंचला घेऊन बसायच्या, वाड्यात कारागीर बसवले, नवीन पोरांना शिकवलं. २०१८ मध्ये त्या गेल्या, काम चालू राहिलं. एका घराण्याने हट्टाने धरून ठेवलेली गोष्ट आहे ही, आणि आपण पाहुण्याला काय सांगतो, वाडा बघायला अर्धा तास पुरे.

होमस्टेवाल्यांनो, तुमच्यासाठी एक साधं काम. नियम शिकून घ्या, आणि संध्याकाळी पाहुण्यांना खळ्यात बसवून एक डाव मांडा. हाताने रंगवलेला संच महाग असतो, तो खेळायला काढायला जीव होत नसेल तर जाड पुठ्ठ्याचे गोल कापा आणि घरातल्या पोरांकडून चित्रं काढून घ्या, वराह डुकरासारखा दिसला तरी चालेल, तो डुक्करच आहे. ज्याला खेळ कळला तो दुसऱ्या दिवशी वाड्यात जाऊन त्या कलाकाराजवळ तासभर बसेल, आणि कदाचित खरा संच पण घेईल. नुसतं "हस्तकला आहे हो, घ्या" म्हणून कोणी घेत नाही.

आता चितारआळी, म्हणजे आपली लाकडी खेळण्यांच्या दुकानांची आळी. इथे जरा कडू बोलणार आहे, राग मानू नका. आपल्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच भागातली अशी सरकारी ओळख, मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान वगैरे. पण काही दुकानांत त्याच शेल्फवर बाहेरून आलेला माल मांडलेला असतो, आणि विचारलं तर "सगळं आपल्याकडचंच". बाहेरचा माल विकू नका असं मी म्हणत नाही, दुकान चालवायचंय, बारा महिने भाडं द्यायचंय, कळतं. फक्त शेल्फ वेगळं करा आणि पाटी लावा, ह्यां हयचां, ह्यां भायरचां. गिऱ्हाईक मूर्ख नसतं, त्याला फरक दाखवलात तर तो जास्त पैसे द्यायला तयार होतो, लपवलात तर घरी जाऊन ऑनलाइन तीच वस्तू बघतो आणि मग आपल्या खऱ्या मालावरचाही त्याचा विश्वास उडतो. यात मार कोण खातो, तर आत बसून काम करणारा कारागीर, दुकानदार नाही.

आणि तो आत बसलेला कारागीर बाहेर दिसू दे ना. लाकूड कातणं बघायला लहान पोरं काय, मोठी माणसं पण खिळून उभी राहतात. लाकूड गरगर फिरतंय, माणूस लाखेची रंगीत कांडी त्याला टेकवतो, घासल्याने जी उष्णता होते तिनेच लाख वितळून लाकडावर चढते, मग वर केवड्याचं पान दाबून धरलं की अशी चकाकी येते की विचारू नका. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही. फळांचं काम आणखी वेगळं, पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घेऊन आधी आकार, मग हाताने रंग, आंब्याचा देठाकडचा हिरवा हळूहळू पिवळ्यात कसा जातो, काजूच्या बोंडूखाली बी कशी लटकते, हे सगळं नजरेने. त्या टोपलीतलं फळ माणूस खरं समजून उचलतो आणि वजन लागत नाही तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, हे तुम्ही रोज बघता. मग त्याच माणसाला आत नेऊन दाखवायला दहा मिनिटं का जड जातात? कारागिराचा वेळ जातो म्हणत असाल तर तासाला एकदा दाखवायचं ठरवा, आणि बघण्याचे पैसे घ्या, त्याला द्या. फुकट दाखवायची गरज मुळीच नाही.

इथपर्यंत सकाळ-दुपार झाली. आता संध्याकाळ, आणि माझं सगळ्यात मोठं दुखणं इथेच आहे.

रात्री आठनंतर पाहुणा खोलीत बसून मोबाइल बघतो आणि रिव्ह्यूमध्ये लिहितो की गाव छान आहे पण लवकर झोपतं. झोपतं? त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की इथल्या पंचक्रोशीत रात्र रात्र कोण झोपत नाही! सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा घ्या, माणसांचा लोट असतो. आणि छोट्या गावांच्या जत्रा तर त्याहून छान, कारण गर्दी आटोक्यात असते, खाजेवाल्यांची दुकानं, पोरांच्या पिपाण्या, देवळात ओट्या भरणाऱ्या बायकांची रांग, मुंबईहून खास रजा टाकून आलेले चाकरमानी, आणि "कधी इलात? रवतलात मां?" चालू. मग पालखीची प्रदक्षिणा होते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार, म्हणजे आपलं रात्रभराचं लोकनाटक, उभा राहतो.

आपल्याला लहानपणापासून बघून त्याचं काही वाटत नाही, पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या नजरेने बघा. देवळाच्या मागे चटई टाकून कलाकार बसलेत, ज्याची त्याची ट्रंक, हातात छोटा आरसा, रंग ज्याचा तोच लावतो. दुपारी शेतात किंवा गॅरेजमध्ये असलेला गडी तासाभरात नऊवारी नेसून, खोपा घालून असा उठतो की बायका पण लुगड्याच्या निऱ्या बघत राहतात. लिहिलेलं नाटक नाही. आज आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, बाकी संवाद रंगमंचावर जाऊन. पेटी, पखवाज, झांज. स्टेजवर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच अंतःपुर. आधी गणपती येतो, भटजी येतो, काळ्या वेशातला संकासुर येऊन मालवणीतून सगळ्या गावाची टोपी उडवतो, त्यात सरपंच पण सुटत नाही आणि पुढे खुर्चीत बसलेला पुढारी पण नाही. मग आख्यान, युद्धाला देव-राक्षस असे गरगर फिरतात की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकतात. हे सगळं थेट पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. तिकीट नाही. देवळाच्या भिंतीला पाठ लावून कोणीही बसावं.

हे आपल्या हॉटेलपासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर चालू असतं आणि आपण पाहुण्याला सांगत नाही! का सांगत नाही हे मी काही जणांना विचारलं. एक म्हणाला, त्यांना काय कळणार. अरे, भाषा न कळणाऱ्या माणसाला पण भीम आणि कीचक कळतो. दुसरा म्हणाला, रात्री रिक्षा कोण काढणार. हे मात्र रास्त आहे. मग रात्रीचा परतीचा रेट ठरवा, चार-पाच जणांनी पाळी लावा, जाताना सोडायचं, दोन-अडीचला परत आणायचं, सगळ्यांनाच पहाटेपर्यंत बसणं जमणार नाही. धंदा आहे तो, उपकार नाहीत.

फक्त पाहुण्याला पाठवताना चार गोष्टी सांगून पाठवा, कारण जत्रा ही त्या गावाची देवाची गोष्ट आहे, आपलं पॅकेज नाही. चपला कुठे काढायच्या, पालखी चालू असताना मध्ये घुसायचं नाही, कलाकार रंगायला बसले असताना तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, विचारून फोटो काढायचा, ड्रोन तर अजिबात नाही. आणि पिऊन जायचं नाही. हे शेवटचं आपल्यातल्या काही जणांना पण लागू आहे, असो.

गणपतीच्या दिवसांचं पण असंच. पाहुणा सप्टेंबरात येतो तेव्हा गल्लीगल्लीत गणपतीच्या शाळा चालू असतात, लोकांनी आपापल्या घरचे पाट आणून ठेवलेले, त्यावर नाव लिहिलेलं, मूर्तिकार रात्री जागून डोळे रंगवतोय. शाळेच्या दारात उभं राहून बघायला कोणाची हरकत नसते. घराघरातल्या गणपतीच्या वरची माटवी, नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडाळं, रानातली फळंफुलं, हे बघायला मिळालं तर माणूस वेडा होतो, पण ते आपल्या घरचं आहे, त्यामुळे ओळखीच्या घरी विचारून न्यायचं, दार उघडं दिसलं म्हणून घुसवायचं नाही. भजनाला बसायला मात्र कोणालाही बोलवा, टाळ वाजवता येत नसले तरी उसळ-पाव खायला येतात.

पिंगुळीचं नाव पण तोंडात ठेवा. कुडाळच्या बाजूला, जवळच. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, आणि त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात म्युझियम उभं केलं. गोठ्यात! आपण एसी, स्विमिंग पूल आणि लॉन नसेल तर टुरिस्ट येणार नाही असं रडत असतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

जेवणाबद्दल जास्त बोलत नाही, एकच. पाहुण्याने न मागता पनीर करायचं बंद करा. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, उन्हाळ्यात शिरवाळे-रस, घरात जे शिजतं ते वाढा. मागितलंच तर द्या पनीर, भांडण नको.

आंबोलीला पाठवू नका असं पण माझं म्हणणं नाही. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्याखाली जे चालतं तिथे माणसाला ढकलून आपण त्याचं भलं करत नाही. सोमवारी पाठवा, किंवा धबधबा सोडून रात्री जाणकार माणसाबरोबर बेडूक बघायला पाठवा, मलबार ग्लायडिंग फ्रॉगसाठी लोक कुठून कुठून कॅमेरे घेऊन येतात. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या माशाला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नवीन प्रजात म्हणून नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. केवढासा मासा, पण त्याच्यामुळे ते कुंड राखलं जातंय. तिथे कुरकुऱ्याची पाकिटं टाकणाऱ्याला गाडीतून उतरवायचा अधिकार ड्रायव्हरला आहे असं मी समजतो, गाडीवाल्यांनी पण तसं समजावं.

मध्ये कोणीतरी तीन दिवसांचा मोठा महोत्सव घ्यायची कल्पना काढली होती, एलईडी स्टेज, सेलिब्रिटी, दशावताराचा वीस मिनिटांचा "आयटम". मला ते नको वाटतं, स्पष्ट सांगतो. रात्रभराचं नाटक वीस मिनिटांत बसवलं की संकासुराची टिंगल जाते, आख्यान जातं, उरते ती तलवारीची फिरकी. तीन दिवस ट्रॅफिक जाम, चौथ्या दिवशी तलावात प्लास्टिक, आणि उरलेल्या वर्षात परत "दोन तासांत होतं". जे चालू आहे तेच माणसाला कळवलं तर वेगळा खर्च काय आहे?

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती कोणाच्या मंजुरीशिवाय होऊ शकते. रोजचा फळा. आज रात्री दशावतार कुठल्या गावात, मंडळ कुठलं, भजन कुठे, जत्रा कुठली, उद्या सकाळी कातकाम कुठल्या दुकानात बघायला मिळेल आणि किती वाजता, एवढं खडूने लिहायचं. एक फळा तलावाकाठी ज्याचं दुकान आहे त्याने दारात लावावा, एक एसटी स्टँडजवळ, एक चितारआळीत, आणि त्याचा फोटो रोज सगळ्या हॉटेल-होमस्टेंच्या ग्रुपवर. ही माहिती आपल्याकडे असते हो, मंडळांच्या तारखा तर रोज मोबाइलवर फिरत असतात, फक्त त्या आपल्याआपल्यातच फिरतात. पावसात नाटकं नसतील तेव्हा भजनं आणि गणपतीच्या शाळा लिहू, काहीच नसेल त्या दिवशी "आज काय नाय, तलावाक फेरी मारा" असं लिहू, खोटं कशाला सांगायचं.

पहिल्या महिन्याचं लिहायचं काम माझ्याकडे, अक्षर बरं आहे. त्रिपुरारीपासून सुरू करू. आपापल्या गावच्या जत्रेची तारीख आणि मंडळाचं नाव आदल्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर टाका, त्यानंतर आलं तर फळ्यावर येणार नाही, मग माझ्या नावाने ओरडायचं नाही. आणि रात्रीच्या रिक्षांची पाळी कोण लावतंय ते तेवढं आताच कळवा, त्याच्याशिवाय फळा लावून उपयोग नाही.

तुमचाच,
एक वाडीकर